धवळीची हाक

माणसाच्या छातीत काय चालतं हे कुणालाच ठाऊक नव्हतं, त्या काळची ही गोष्ट. भिकोबा गुरव नावाच्या सनईवाल्याच्या फुफ्फुसात हवेची एक इवलीशी पिशवी होती. धवळी नावाची म्हातारी पांढरी पेशी तिची राखण करायची. आत आलेली धूळ ती मुकाट्याने गिळून टाकायची. भिकोबाने सूर धरला की दोघी डोलायच्या.

एके दिवशी श्वासातून विषाणू शिरले आणि पिशवीच्या भिंतीत वाढू लागले. एकटीला ते आवरेनात, तेव्हा धवळीने हाक दिली. पांढऱ्या पेशींची रीतच होती, की हाक ऐकली की धावत यायचं आणि येताना आपणही हाक द्यायची. रक्तातून शिपाई पेशींचे लोंढे आले. त्यांनी जहाल रस ओतले. कित्येक शिपाई मेले, पण विषाणू संपले.

"झालं रे बाबांनो, थांबा आता!" धवळी ओरडली.

नुकताच आलेला शिपाई म्हणाला, "आजी, हाक अजून येतेय की!"

"अरे, ती तुमचीच आहे!"

पण त्या गलक्यात म्हातारीचं कोण ऐकणार? शिपाई येत राहिले, रस ओतत राहिले. पिशवीच्या भिंती सोलवटून पाझरू लागल्या आणि आत पाणी चढलं.

"धवळे, श्वास दारात आलाय," पिशवी कशीबशी म्हणाली, "त्याला ठेवू कुठे गं?"

धवळीने चहूकडे पाहिलं. शत्रू एकही उरला नव्हता, आणि श्वासापुरती जागाही उरली नव्हती.