कुणीही न जेवलेलं ताट

आदिस अबाबातलं म्युझियम आणि बाजार पालथा घालून आमचा मराठी कंपू दुपारी खानावळीत टेकला, तेव्हा सगळ्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. निवृत्त कलेक्टर सरपोतदारसाहेबांनी मात्र समोरचं ताट बाजूला सारून फोन हातात घेतला.

"यात कोण कोण जेवून गेलं असेल! मला कधीच कुणी न जेवलेलं ताट हवं, चमचासुद्धा तसाच. नाहीतर टूर कंपनीला फोन लावतो."

परवा त्यांच्या अशाच फोनने एका ड्रायव्हरची नोकरी गेली होती. आमचा जीव टांगणीला लागला. पुण्यात शिकलेली आमची गाइड हिरुत मात्र शांतपणे आत गेली आणि परातीएवढी वाफाळती इंजेरा, म्हणजे तिथली आंबोळी, घेऊन आली. साहेबांनीच सकाळी बाजारात घेतलेल्या कोऱ्या टोपलीत तिने ती पसरली, वर डाळ वाढली आणि कडेचा तुकडा तोडून त्यांच्या हातात दिला.

"साहेब, हे ताट आणि हा चमचा. दोन्ही आत्ताच तव्यावरून उतरलेत."

"आणि उद्या हेच ताट दुसऱ्या कुणाला वाढाल!" साहेब हेका सोडेनात.

"कसं वाढणार? ताट तर तुम्ही खाऊन टाकणार."

आम्ही पोट धरून हसलो. साहेबांनी फोन खिशात ठेवला. थोड्या वेळाने त्यांचा हळू आवाज आला, "हिरुतबाई, अजून अर्धं ताट मिळेल का?"