दुसरा झुंबरनाथ

माझी शाळा लहानपणीच सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल आणि शब्दही साधेच येतील. वाचणाऱ्यांनी सांभाळून घ्यावे. गोष्ट दिगंबराची आहे.

"मग कातडीचा एवढासा तुकडा द्यायला हरकत काय आहे, बाबा?" दिगंबराने विचारले.

झुंबरनाथबाबा धुनीपाशी भिंतीला टेकून बसले होते. चार शब्द बोलले की त्यांना दम लागायचा. काळीज थकले आहे, असे डॉक्टरांनी सांगितले होते. आवळदरीच्या टेकडीवरचा हा नाथांचा मठ. बाबांमागे गादीवर कोण, हे अजून ठरले नव्हते.

"कशाला हवाय तुकडा?"

"त्याच्यापासून मूल तयार करतात. हुबेहूब तुम्ही. तेच नाक, तेच डोळे, तोच आवाज."

"गुडघेही हेच?"

"हो... बहुतेक."

"मग नको रे बाबा. हे गुडघे वैऱ्यालाही देऊ नयेत."

दिगंबर हसला नाही. मठात येण्याआधी तो तालुक्याला वकिली करायचा. मठाच्या जमिनीचा दावा त्यानेच जिंकून दिला होता आणि हरायची त्याला सवय नव्हती. परदेशात राहणाऱ्या एका भक्ताशी त्याने सगळे बोलून ठेवले होते. मूल पोटात वाढवणारी बाईसुद्धा ठरली होती. राहिला होता फक्त बाबांचा होकार.

"आणि कायदा, वकीलसाहेब?"

"आपल्याकडे चालत नाही. पण तो भक्त राहतो तिथे याला मनाई करणारा कायदाच नाही. मूल तिकडे जन्मेल आणि इकडे वाढेल. एकदा जन्माला आलेल्या लेकराला बेकायदा कोण म्हणणार?"

"हुशार आहेस." बाबांनी धुनीत काटकी सरकवली. "तो माझा कोण लागेल? मुलगा की भाऊ?"

"त्यावर वाद होईल. रक्ताने पाहिले तर जुळा भाऊ, सत्तर वर्षे उशिरा आलेला. पण मी म्हणतो, तो कुणी लागतच नाही. तो म्हणजे तुम्हीच."

"मीच?"

"तुम्हीच. म्हणून तर गादीवर त्याचाच हक्क. भांडण नाही, तंटा नाही."

"आणि त्याला मिसरूड फुटेपर्यंत कारभार कोण बघणार?"

"...मी बघेन."

"हं."

बाबांनी घोंगडी बाजूला सारली आणि आपला सुकलेला हात दिगंबरापुढे धरला.

"घे, काप. पण आधी त्याला विचार."

"ज्याचा अजून जन्म नाही, त्याला कसे विचारू?"

"आत्ताच म्हणालास ना, तो म्हणजे मीच? मग मला विचार. रीतसर."

दिगंबर गोंधळला. पण हात पुढेच होता. शेवटी त्याने नमस्कार केला.

"बाबा, तुम्ही पुन्हा जन्म घेऊन या गादीवर बसाल का?"

बाबांनी डोळे मिटले. धुनीतले लाकूड तडतडले...

"नाही."

"पण बाबा..."

"नाही म्हणतोय तो. ऐकलंस ना? आणि उद्या तो हो म्हणणारा निघाला, तर तो मी नव्हे. मग माझी कातडी कशाला सोलतोस?"

दिगंबर स्वतःच्याच शब्दांत अडकला होता. कोर्टात असे कधी झाले नव्हते.

बाबांनी हात घोंगडीत ओढून घेतला. दम खाल्ला. मग हळूच म्हणाले, "बरं, समज झाला जन्म. तो पहिली भिक्षा कुणाकडे मागेल?"

या मठाची एक रीत होती. कान टोचून मुद्रा, म्हणजे नाथांची कुंडले, घालण्याआधी चेल्याने झोळी घेऊन स्वतःच्या आईच्या दारात उभे राहायचे, आणि तिला 'माई' म्हणून भिक्षा मागायची. तिने भिक्षा घातली तर तो मठाचा. तिने दार लावून घेतले तर तो घरचा. मग गुरूचेही काही चालत नसे. आणि ज्याच्या कानात मुद्रा नाही, त्याला गादी नाही.

"जिच्या पोटी जन्मेल तिच्याकडे," दिगंबर म्हणाला. "तिच्याशी करार असेल. ती नाही म्हणणार नाही."

"जिला नाही म्हणता येत नाही, तिची भिक्षा झोळीत घ्यायची?"

दिगंबराचा हात नकळत स्वतःच्या कानाकडे गेला. कान कोरे होते. त्याच्यामागून आलेल्यांच्या कानांत मुद्रा आल्या, पण त्याचे दर वेळी काहीतरी काम निघायचे. कधी दावा, कधी जत्रा, कधी मठाचे छप्पर. आईचे गाव तर टेकडीवरून दिसायचे.

"घाबरतोस होय रे तिला?" बाबांनी विचारले.

"ती घालणार नाही, बाबा. एकुलता एक आहे मी. वकील झालो तेव्हा तिने गावभर पेढे वाटले होते. ती दार लावून घेईल... मग मी कुठला?"

"म्हणून साता समुद्रापलीकडची बाई शोधलीस. होच म्हणणारी."

दिगंबराने मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिगंबराने परदेशातल्या भक्ताला फोन करून सगळे रद्द केले. झोळी खांद्याला अडकवली. बाबा पायरीवर उन्हाला बसून कडुनिंबाच्या काडीने दात घासत होते. नाथांच्या रीतीप्रमाणे वाकून तो म्हणाला, "आदेश."

"आदेश," बाबा म्हणाले.

दिगंबर चार पावले गेला आणि थांबला.

"बाबा, तिने भिक्षा नाहीच घातली तर?"

बाबांनी चूळ भरली.

"तर आत जा, आणि पोटभर जेव."