चांगुणाच्या हातचं

“...पण घरात खाऊ असताना आई लेकीला उपाशी ठेवते, याला काय म्हणायचं, मावशी?”

शरयूच्या आवाजात राग होता. आहारशास्त्रात ती विद्यापीठात पहिली आलेली. या कातकरीवाडीत महिनाभर राहून भागीमावशीकडून शिकायला तिला पाठवलं होतं. मावशी जुनी सुईण. अर्धी वाडी तिच्या हातांवर जन्मलेली.

पण आल्या दिवसापासून शरयूच शिकवत होती.

“दहा महिन्यांची सुगी, वजन जेमतेम सव्वापाच किलो. अंगणवाडीनं दिलेली पिठाची पाकिटं भिंतीशी तशीच पडलीत. चांगुणाला मी तीनदा समजावलं.”

“काय समजावलंस?”

“काय भरवायचं, किती वेळा भरवायचं...”

“आन्?”

“मंगळवारी जरा बोलले. सगळ्या बायांसमोर. म्हटलं, लाज वाटली तर सुधारेल.”

मावशी काठी घेऊन उठली.

चांगुणाच्या झोपडीत भरदुपारी अंधार होता. नवरा कोळशाच्या भट्टीवर गेलेला. चांगुणा भिंतीकडे तोंड करून पडली होती. केसांचा गुंता झालेला. शेजारी सुगी. रडतही नव्हती.

शरयूला पाहताच चांगुणानं पदर तोंडावर ओढला.

मावशीनं चूल पेटवली. पाकिटातलं पीठ शिजवून दोन वाट्यांत काढलं. एक शरयूच्या हाती दिली.

“लेकीला तू भरव.”

दुसरी घेऊन ती चांगुणाजवळ बसली.

“चांगुणे, घास घे.”

चांगुणा हलली नाही.

मावशीनं हात तसाच पुढे धरला. घास गार झाला. बोटांवर सुकला. तिकडे सुगीची वाटी संपली. मावशीचा हात खाली आला नाही.

“मावशी, ती नाही खाणार...”

मावशीनं मान वळवली नाही.

खूप वेळानं पदराआडून आवाज आला.

“माज्या हातचं खाऊन पयली लेक गेली...”

चांगुणानं पदर आणखी घट्ट ओढला.

“हिला भरवाया घेतलं का हात गळतो. त्या बाई बोलल्या, तू आई नाय, वैरीण हाय. खरं त्येच हाय. म्हून हात लावत नाय हिला.”

शरयूनं मान खाली घातली. शब्द तिचाच होता. मंगळवारी तो सुचला, तेव्हा तिला स्वतःचं कौतुक वाटलं होतं.

“पयली तापानं गेली,” मावशी म्हणाली. “मी व्हते तितं.”

चांगुणानं पदर बाजूला केला. कितीतरी वेळ मावशीकडे बघत राहिली. मग तोंड उघडलं.

एकच घास. तो गिळताना ती रडायला लागली.

मावशी बाहेर आली. शरयू मागोमाग आली. तिचा चेहरा कानापर्यंत लाल झाला होता.

“चुकलं माझं, मावशी.”

“चांगुणाचा ह्यो मनाचा आजार हाय. उद्या तिला तालुक्याच्या दवाखान्यात न्यायची. तू गाडी बघ. मी संगं येते.”

“बघते. पण आधी मला आत जाऊ द्या. तिचे पाय धरते. माफी मागते...”

मावशी दारात आडवी उभी राहिली.

“आज नको, पोरी. तुजी समजूत काढायचं बळ तिच्यात नाय.”