परक्या भाषेतला एक शब्द

एकदा एक वृद्ध आचार्य आपल्या शिष्यासह समुद्रापलीकडच्या एका बंदरात उतरले. त्यांना नेणारा एक कापडाचा व्यापारी होता. तिकडे त्याने नवी वखार बांधली होती आणि आचार्यांच्या हातून तिची वास्तुशांत करायची होती. आचार्य सहसा कुणाचे आमंत्रण घेत नसत. हे मात्र त्यांनी तत्काळ स्वीकारले, आणि तिथेच शिष्याच्या मनात पहिली शंका आली. कारण त्या बंदराची ख्याती साऱ्यांना ठाऊक होती. व्यापारी तिकडे जात ते केवळ कापड विकायला नव्हे. तिथल्या एका गल्लीत पैसे मोजले की स्त्रीचा सहवास मिळे.

वास्तुशांत झाली. दुसऱ्या दिवशी जेवण होताच आचार्यांनी धुतलेले उपरणे घेतले, दक्षिणेची थैली कमरेला लावली आणि म्हणाले, "तू इथेच थांब. मी जाऊन येतो."

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी शिष्याला राहवले नाही. तो लपतछपत मागोमाग गेला. आचार्य त्याच गल्लीत वळले. एका निळ्या दाराशी तिशी उलटलेली एक स्त्री उभी होती. तिने हसून दार उघडले, आचार्य आत गेले, दार लागले.

शिष्य तीस वर्षांचा होता. त्यातली बारा वर्षे त्याने या माणसाच्या पायाशी काढली होती. आता त्याला प्रत्येक जुनी गोष्ट वेगळी दिसू लागली. व्यापाऱ्याला गुरुजींनी कधीच खडसावले कसे नाही? परत आल्यावर ते स्वतःशीच काय पुटपुटत असतात? त्याने आपले गाठोडे बांधून ठेवले. मिळेल त्या गलबताने परतायचे, असे ठरवले.

पुढच्या दोन दुपारीही आचार्य गेले. सातव्या दिवशी मात्र ते जेवणानंतर बसून राहिले. व्यापारी बाहेर पडण्याच्या तयारीत होता. तो डोळे मिचकावत म्हणाला, "चला ना गुरुजी. आता आपली वाट एकच. मला सगळं कळलंय!"

शिष्याने मान खाली घातली. आचार्य शांतपणे म्हणाले, "शेठजी, किती वर्षं येता इथे?"

"अकरा."

"इथली भाषा येते?"

"म्हणजे काय! ये, बस, सुंदर, किती, उद्या. अडत नाही कुठे."

"मग मला सांगा, इथे 'नको' कसं म्हणतात?"

व्यापाऱ्याने आपले शब्द पुन्हा बोटांवर मोजले. मग तो म्हणाला, "कधी गरजच पडली नाही."

"तुम्हाला पडली नसेल," आचार्य म्हणाले. "मी तोच शब्द शिकायला जात होतो. त्या बाईला आपल्या खलाशांची भाषा येते. आणखी चार देशांत 'हो' कसं म्हणतात, तेही तिला येतं. पण 'नको' विचारल्यावर ती नुसती हसायची. पाहुण्यांसाठी तो शब्द नसतो, म्हणाली."

व्यापारी चिडला. "मी कुणावर जबरदस्ती करत नाही. पैसे देतो, त्यावर तिच्या घरची चूल पेटते. यात पाप कसलं?"

"चूल पेटते, हे खरं आहे. म्हणूनच तिच्या तोंडून तो शब्द निघत नाही. आपल्या गावात तुम्ही असं वागत नाही, कारण तिथल्या बाईला तुमचं घर ठाऊक असतं. ती दारात येऊन उभी राहील. इथे तुम्हाला कुणी ओळखत नाही, आणि तिचा होकार खरा की खोटा, हे तपासायची गरजही उरत नाही."

शिष्याने प्रथमच तोंड उघडले. "पण गुरुजी, पैसे तर आपणही दिलेत. मग तिने आपल्याला शिकवलं, ते तरी मनापासून कशावरून?"

आचार्यांनी त्याच्याकडे निरखून पाहिले. "हा प्रश्न तीन दिवसांपूर्वीच विचारायचास. माझ्या मागे यायची गरज नव्हती. मलाही तीच शंका होती. म्हणून सहा दिवसांचे पैसे मी पहिल्याच दिवशी तिच्या हातात दिले. नाही म्हणाली तरी तिचं काही जाऊ नये. रोज निघताना विचारायचो, उद्या येऊ का? रोज 'हो' म्हणायची. काल तिने तो शब्द उच्चारला. म्हणून आज मी घरी आहे."

"काय आहे तो शब्द?" व्यापाऱ्याने विचारले.

"तुमच्या ओळखीच्या बाईलाच विचारा."

व्यापारी तिरीमिरीत निघून गेला. शिष्य आत गेला, त्याने गाठोडे सोडले आणि कपडे घडी करून परत फळीवर ठेवले.

घटकाभरातच व्यापारी परतला. पादत्राणे न काढताच तो उंबऱ्यावर बसला.

"सांगितला तिने?" शिष्याने हळूच विचारले.

"नाही. पांढरीफटक पडली. हात जोडले आणि विचारू लागली, माझं काय चुकलं?" त्याने पागोटे काढून मांडीवर ठेवले. "तीन वर्षं तिच्याकडे जातो मी. मला वाटायचं, माझी वाट पाहते. ती मला भिते, गुरुजी."

आचार्यांनी त्याला आत बोलावले. सायंकाळपर्यंत तिघेही एकाच ओसरीवर बसून होते, आणि त्या दिवसानंतर व्यापाऱ्याने त्या गल्लीची वाट धरली नाही.