डागवाल्यानं पाडलेली भोकं

लहानमोठे सगळे नीट ऐका, मी दोनदा सांगणार नाही. फार फार मागं, राजे होते पण धड रस्ते नव्हते, तेव्हा एका डोंगरी मुलखात एक डागवाला राहत होता. गळका डबा आला की भोकावर कथलाचा डाग देऊन तो बुजवायचा. त्याच्या डब्यातून थेंब गळत नसे. हे तो स्वतःच सगळ्यांना सांगत फिरे, तेवढंच वाईट.

एकदा डागवाला, त्याची बायको आणि दिवस भरत आलेली सून घाट उतरत होती. खिंडीत गारांनी गाठलं. तिघं एका कपारीत शिरली आणि सून तिथंच बाळंत झाली. मुलगी झाली. कपडे ओले, वारा बोचरा. पोर थोडं रडली, मग नुसती कण्हू लागली.

"जाळ करा," बायको म्हणाली. "पोर गार पडतेय."

लाकडं दमट. उघडा जाळ वारा टिकू देईना. डागवाल्यानं ओझ्यातले दोन डबे काढले, मोठ्यात लहान बसवला, लहानात काटक्या भरल्या. झाली चूल. चकमकीसाठी कोरडा कापूस उरला होता तीन चिमटी. एक पेटवली. नुसता धूर.

"खालून वारा कुठाय चुलीला?" बायको म्हणाली. "बुडाशी भोकं पाडा."

"चाळीस वर्षं भोकं बुजवली मी. आता माझ्याच डब्याला पाडू?"

"नका पाडू. डबा घ्या मांडीवर, नात म्हणून."

तो ऐकेल तर ना. वारा आत शिरतोय म्हणून जाळ धरत नाही, असं त्याच्या डोक्यानं घेतलं. दोन डब्यांमधली फटसुद्धा त्यानं चिखलानं लिंपली आणि दुसरी चिमूट पेटवली. कपार धुरानं भरली. सून खोकून बेजार झाली.

"मामंजी," ती म्हणाली, "ही हलत नाही आता."

डागवाल्यानं पाहिलं. पोरीचे ओठ निळे पडले होते. कापूस राहिला होता एक चिमूट.

त्यानं चिखल खरवडून काढला. खिळा आणि हातोडी घेतली. दोन्ही डब्यांच्या बुडाशी भोकं पाडली, लहान डब्याच्या काठाखाली एक रांग पाडली. प्रत्येक घाव आपल्याच पाठीत बसतोय असं त्याला वाटलं, पण हात थांबला नाही. मग शेवटची चिमूट पेटवली.

काटकी धुमसली. लाल झाली. खालून वारा ओढला गेला, घूं आवाज झाला आणि वरच्या भोकांतून जाळ बाहेर आला. त्या धगीनं डब्यावरचे त्याचे डाग वितळून ओघळले. ते त्याला दिसले नाहीत. तो शेकलेल्या फडक्यात गुंडाळलेल्या पोरीकडं बघत होता. बऱ्याच वेळानं ती रडली, चांगली टाहो फोडून.

पोर जगली. सुनेचे डोळे मात्र त्या धुरानं महिनाभर सुजलेले राहिले. त्यांवर बांधायचा पाला रोज सकाळी वाटायचं काम बायकोनं डागवाल्यालाच लावलं, आणि तो मुकाट्यानं वाटत बसे.

तात्पर्य: वेळ आली की आपलं कसब उलटं चालवता यावं, नाहीतर ते कसब नव्हे, नुसती खोड.