शेवंती आणि दारातला डहाळा

त्या दिवशी धुकं असं दाट पडलं होतं, की वेळूच्या बनातले वेळू कमरेपर्यंतच दिसत, आणि त्यांच्यावर नुसती दुधाची साय. पानांच्या टोकांना दवाचे इवले इवले मणी लोंबत होते. थंडी म्हणाल तर चिमण्यासुद्धा पंखांत चोच खुपसून बसलेल्या.

असली थंडी शेवंतीला सोसायची नाही. तिचे सांधे दुखायचे. आज गुडघा, उद्या मनगट, परवा दोन्ही. औषधं झाली, दवाखाना झाला. दुखणं पाहुण्यासारखं जायचं आणि पाहुण्यासारखंच परत यायचं. पण शेवंतीच्या जिवाला घोर होता तो दुखण्याचा नव्हे. आबांचा.

तिचे वडील केरबा, म्हणजे तिचे आबा, वेळूच्या टोपल्या विणायचे. विणताना शीळ घालायचे, इतकी गोड की बुलबुल फांदीवर थबकून ऐकायचा. आता ती शीळ कुठं तरी हरवली होती. हातात कोयता घेऊन ते कामट्यांकडे नुसते बघत बसत. आपली भाकरी शेवंतीच्या ताटात सरकवत आणि म्हणत, मला भूक नाही. आई हौसा धूर लागला म्हणून डोळे पुसायची, चूल विझलेली असली तरी. बाजारात जो तो आबांना विचारायचा, पोरगी कशी आहे? आबा म्हणायचे, बरी आहे. पुढं कुणी काही विचारायचं नाही.

म्हणून शेवंतीनं एक युक्ती काढली होती. दुखलं तरी नाही म्हणायचं.

त्या सकाळी चुलीसाठी काटक्या वेचायला ती हळूहळू बनात गेली. तिथं तिला रडू ऐकू आलं, पैंजणाच्या एका घुंगरासारखं बारीक. बघते तर काय, एका चिरलेल्या वेळूच्या फटीत बोटाएवढी परी अडकलेली. पोपटी झगा, केसांत दवाचा एकच मणी, आणि कांद्याच्या पापुद्र्यासारखे पंख. त्यांवर गुलाबी, निळ्या, सोनेरी लहरी. एक पंख फटीत चिमटला होता.

शेवंती म्हणाली, “रडू नकोस. मला जमेल, पण सावकाश जमेल.”

फट उघडायला जोर लागत होता. मनगटातून कळ निघाली, डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं फट धरून ठेवली. पंख सुटला. परी तिच्या तळहातावर बसली, तिच्या सुजल्या बोटांवर फुंकर घातली आणि म्हणाली, “बाळ, एक इच्छा माग. पण माझे दोन नेम आहेत. अंगातलं दुखणं मला नेता येत नाही, एवढे माझे हात मोठे नाहीत. आणि इच्छा मागितलीस की दिवस मावळेपर्यंत खोटं बोलायचं नाही. इवलंसंही नाही.”

शेवंतीनं घटकाभर विचार केला. मग म्हणाली, “आमच्या आबांची शीळ परत दे.”

परी हसली. “शीळ काही गेली नसेल ग. माझ्या पंखासारखी कुठं तरी अडकली असेल. हा थेंब घे. जिथं अडकली असेल, तिथं लाव.” आणि तिनं केसांतला तो मणी शेवंतीच्या बोटावर ठेवला. त्यात जणू चिमुकलं चांदणं कोंडलं होतं.

शेवंती घरी आली. थेंब आबांच्या कोयत्याला लावून बघितला, चिकटेना. टोपलीला लावला, घरंगळून परत बोटावर. तिचा चेहरा उतरला, तसं आबांनी रोजचं विचारलं, “दुखतंय का ग?”

नाही आबा, हे तिच्या ओठांवर आलं होतं. थेंब लगेच काजळला. शेवंतीला परीचा नेम आठवला.

“हो आबा. खूप दुखतंय. आणि तुम्हाला कुठं दुखतं?”

आबांच्या हातातली कामटी गळून पडली. इतक्या दिवसांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं. ते तिला जवळ घेऊन रडले, अगदी लहान पोरासारखे. हौसाही येऊन बसली, आणि या खेपेला तिनं धुराचं नाव घेतलं नाही.

“दमलो ग मी,” आबा म्हणाले. “अन् वस्ती आपल्याला विसरली. दारी कोण येत नाही, कोण हाक मारत नाही.”

आबा मनातलं बोलले, आणि मनातलं बोलल्याबरोबर थेंब उजळला. बोटावरून उडाला तो थेट दाराकडे, चौकटीला अडकवलेल्या कडुनिंबाच्या डहाळ्यावर जाऊन बसला.

त्या वस्तीची रीत अशी होती, बरं का: घरात कुणी आजारी पडलं की दारात डहाळा लावायचा. डहाळा दिसला की कुणी त्या घरी हाक मारायची नाही, आजाऱ्याला निवांत पडू द्यायचं. माणूस बरं झालं की डहाळा उतरायचा. शेवंती पहिल्यांदा आजारी पडली तेव्हा हौसानं तो लावला. पोर पुरती बरी झाली की काढू, म्हणाली. पोर पुरती बरी झालीच नाही. वाळला की हौसा नवा हिरवा लावायची, आणि आत बसलेल्यांना वाटायचं, माणसं विसरली. बाहेर माणसं डहाळ्याचा मान राखून दुरूनच वळत होती.

“अगं बाई,” हौसा एवढंच म्हणाली.

आबांनी शेवंतीला उचलून वर धरलं. तिनं आपल्या हातांनी डहाळा काढला. त्यासरशी पानापानांतून पोपटी, गुलाबी, सोनेरी उजेड सांडला, उंबऱ्यावरून अंगणात गेला, आणि उजेडाच्या मधोमध परीनं इवलासा हात हलवला. मग धुकं विरलं, तशी तीही त्या उजेडात विरून गेली.

गुडघा दुखतच होता. पण शेवंतीला आता ते लपवावं लागत नव्हतं, म्हणून थोडा हलका वाटत होता.

शीळही आली, पण लगेच नाही. जेवणं झाल्यावर आली. त्याआधी शेजारची गोजराअक्का समोरून डहाळ्याविना दार बघून, हातातलं काम टाकून, पिठल्याचं भगुणं पदरानं धरून आली. उंबऱ्यात उभी राहिली, केरबाला खालून वर न्याहाळलं आणि म्हणाली, “शेवंती कशी आहे ते मी शेवंतीलाच विचारीन. तू सांग केरबा, तू जेवलास का?”