जोतिरामची पकड

“पण ती जाते कशी, चाचा?”

जोतिराम भीतीबद्दल विचारत होता. उद्या नव्या संघाची निवड होती आणि त्याच्या पाचावर धारण बसली होती.

तसा गडी नावाजलेला. कबड्डीत उजव्या कोपऱ्याला उभं राहायचं, चढाईला आलेल्याची मांडी धरायची, त्यावरच पोट. आज या संघात, पुढच्या वर्षी त्या संघात. जो बोलावेल त्याची जर्सी अंगात. पण गुडघा मोडला, आणि बरा झाल्यावरही अंगावर कुणी आलं की साहेब बाजूला सरकून वाट करून द्यायला लागले. संघाने नारळ दिला. उद्या घेतलं नाही तर खेळ संपला, आणि दुसरं काही त्याला येत नव्हतं.

म्हणून तो गुलाबचाचांकडे आला. दर्ग्यामागच्या याच मैदानात या म्हाताऱ्याने त्याला पकड शिकवली होती.

चाचांनी सगळं ऐकून घेतलं. मग लुंगी वर खोचली.

“कोपऱ्यात उभा राहा. मी चढाईला येतो.”

जोतिरामला हसूच आलं. या वयात...

चाचा “कबड्डी, कबड्डी” पुटपुटत सरळ त्याच्यावर चालून आले. आणि सवय बघा कशी असते, त्या हाडकुळ्या म्हाताऱ्यालासुद्धा जोतिरामने वाट दिली.

चाचा थांबले नाहीत. शेवटची रेषा ओलांडून पुढे निघाले, डोळे मिटून. पुढे बिनकठड्याची जुनी विहीर होती.

“चाचा, विहीर आहे.”

“कबड्डी, कबड्डी...”

जोतिरामच्या काळजाचं पाणी झालं. तो धावला, काठावर दाणकन गुडघ्यांवर पडला आणि चाचांच्या मांडीला मिठी मारून त्यांना मागे ओढलं. तरी चाचांचा एक पाय अजून विहिरीवर लोंबकळत होता. खाली काळं पाणी दिसत होतं.

बराच वेळ दोघं तसेच पडून राहिले.

“भीती घालवायला आलो होतो,” तो कसाबसा म्हणाला, “आणि तुम्ही... जन्मात एवढा भ्यालो नव्हतो, चाचा. हात बघा, अजून थरथरताहेत.”

चाचांनी डोळे उघडले. आपल्या मांडीभोवतीच्या त्या हातांकडे पाहिलं...

“थरथरताहेत खरे. सुटले का?”